वडिलांची ट्रंक, १४० कॅसेटी आणि दोन ओळींवर अडलेली वही

प्रश्न : साखर पेठेतलं जुनं घर सोडून आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. सामान हलवताना माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत साधारण १४० कॅसेटी, सात-आठ जड काळ्या रेकॉर्डी आणि काही एमपीथ्री सीड्या आहेत. भावगीतं, अभंग, जुनी हिंदी गाणी, आईची तेलुगू गाणी, थोडी कन्नड वचनं, दोन-तीन कव्वाल्या. वडील यंत्रमागावर कामाला होते. ते आता नाहीत. एका कॅसेटवर त्यांनी पेनाने नुसतं 'घर' असं लिहिलंय. मुलगा म्हणतो, सगळं फोनवर मिळतं, भंगारात द्या. मला मात्र यातल्या गाण्यांबद्दल वहीत लिहून ठेवायचंय, पण दोन ओळींनंतर 'छान गाणं' याच्या पुढे सरकत नाही. आणखी एक, फोनवर लावलेलं तेच गाणं मला वेगळं वाटतं. हा माझा भास आहे का? सुरुवात कुठून करू? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : भास नाही. फोनवरचं गाणं वेगळं वाटण्याची खरी कारणं आहेत, आणि ती कळली की भंगाराच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

सगळ्यात मोठं कारण वेग. कॅसेटमधली फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी. घरगुती टेपरेकॉर्डर हा वेग क्वचितच तंतोतंत पाळायचे. बेल्ट सैल झाला की मंद, मोटरचा स्क्रू कुणी फिरवला असला की जलद. जवळपास ६ टक्के फरक पडला की गाणं सरळ अर्ध्या स्वराने सरकतं, म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी तीनमध्ये ऐकू येतं. वडिलांच्या टेपवर वर्षानुवर्षं ऐकलेला तोच स्वर तुमच्या कानाला खरा वाटणार, यात नवल नाही.

दुसरं, एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं असतात. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. त्यामुळे पडद्यावरचं एखादं कडवं रेकॉर्डवर गळायचं. कॅसेट कधी रेकॉर्डवरून भरलेली, तर कधी चित्रपटाच्या पट्टीवरून. तिसरं, १९८० आणि ९० च्या दशकांत जुन्या गाण्यांच्या 'व्हर्जन' कॅसेटी स्वस्तात मिळायच्या. कव्हरवर चित्रपटाचं नाव मोठ्या अक्षरात, पण गाणारा वेगळा आणि त्याचं नाव कोपऱ्यात बारीक. लहानपणी जो आवाज तुम्ही मूळ गायिकेचा समजलात तो दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. आणि रेडिओवरून घरी भरलेलं गाणं असेल तर मीडियम वेव्हवर वरचे सूर मुळातच छाटले जातात. झांज आणि बासरीची धार बोथट ऐकू येते.

थोडक्यात, फोनवर गाणं आहे, पण तुमच्या घरात वाजलेलं ते मुद्रण तिथे असेलच असं नाही. म्हणून आधी ट्रंकेतल्या मालाचे तीन ढीग करा. पहिल्यात घरी भरलेलं सगळं : 'घर' लिहिलेली कॅसेट, रेडिओवरून घेतलेली, हाताने लिहिलेल्या कागदाची. दुसऱ्यात स्थानिक भजनी मंडळांच्या, जत्रेत विकत घेतलेल्या, तेलुगू-कन्नड भक्तिगीतांच्या छोट्या कंपन्यांच्या कॅसेटी. या नेटवर मिळण्याची शक्यता कमी. तिसऱ्यात नामांकित कंपन्यांच्या, ठाऊक असलेल्या गाण्यांच्या. काम याच क्रमाने करायचं. मुलाचं म्हणणं तिसऱ्या ढिगाबद्दल बरंचसं बरोबर आहे, पहिल्याबद्दल मुळीच नाही.

मात्र 'घर' ही कॅसेट डेकमध्ये पहिली घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेला टेपरेकॉर्डर फीत गिळतो, कारण आतला रबराचा रोलर कडक किंवा चिकट झालेला असतो आणि फीत ओढून घेणारं चाक सैल पडलेलं असतं. ओढणारं चाक फिरत नसेल तर रोलरमधून पुढे आलेली फीत गोळा होत नाही आणि रोलरला गुंडाळते. म्हणून आधी दुरुस्ती. बेल्ट नवे टाकून घ्या. जुने बेल्ट काही वेळा वितळून काळा डांबरासारखा चिकटा झालेले असतात. तो पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट घालू नये. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा धातूचा छोटा भाग) आणि धातूचा बारीक दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. सॅनिटायझर किंवा अत्तराचा स्प्रे वापरू नका, त्यातल्या ग्लिसरिनचा आणि सुगंधी तेलाचा थर हेडवर बसतो. तुम्ही मागांच्या भागात राहत होता, तेव्हा सुताचे बारीक तंतू रोलरच्या कडेला अडकलेले सापडतील. ते चिमट्याने काढा. मग तिसऱ्या ढिगातली सगळ्यात कमी जिव्हाळ्याची कॅसेट घालून दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. पुढे-मागे नीट धावली, तरच बाकीच्यांना हात लावा.

कुठलीही कॅसेट घालण्याआधी तिच्या वरच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या मोडून टाका. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. वडिलांचा आवाज चुकून पुसला जाण्यापासून वाचवणारा याहून सोपा उपाय नाही.

आता प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघा. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वाजवायची नाही, नाहीतर हेडवरून ती बाकीच्या सगळ्यांना लागते. वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसोबत दोन-तीन आठवडे सुकवा, मग तोंडाला मास्क लावून, खिडकी उघडून, कडा अल्कोहोलच्या काडीने हलक्या हाताने पुसा. खिडकीतून फितीमागे दिसणारी फेल्टची छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज मंद आणि घोगरा येतो. त्या वेळी खराब कॅसेटमधली गादी स्प्रिंगसकट काढून बसवा. पाच स्क्रूची कॅसेट उघडता येते. चिकटवून बंद केलेली असेल तर ब्लेडने शिवण फोडून फीत स्क्रूच्या रिकाम्या डब्यात हलवावी लागते. तुटलेली फीत जोडायला कधीही साधा सेलोटेप वापरू नका. त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. फितीच्या रुंदीची, ३.८१ मिलिमीटरची जोडपट्टी मिळते, ती फितीच्या पाठीमागच्या बाजूला लावा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. तापलेली कॅसेट लगेच वाजवू नका. खालच्या खोलीत एक दिवस राहू द्या. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेले वेढे मोकळे होतात आणि गाणं सुरू होण्याआधी येणारा त्याच गाण्याचा पुसट प्रतिध्वनीही थोडा कमी होतो. तो प्रतिध्वनी फितीच्या एका वेढ्याची चुंबकीय छाप दुसऱ्यावर उमटल्यामुळे येतो. ९० आणि विशेषतः १२० मिनिटांच्या कॅसेटींमध्ये हा दोष जास्त, कारण त्यांची फीत पातळ. ६० मिनिटांची फीत सुमारे १६ ते १८ मायक्रॉन जाड, १२० ची जेमतेम ९. अशा पातळ फितीवर पुढे-मागे करण्याची घाई नको.

हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्यावर स्प्रिंग असते. तो फितीशी हेडचा कोन ठरवतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आणि तुमच्या यंत्राचा कोन जुळला नाही तर वरचे सूर हरवतात, आणि माणसाला वाटतं फीतच खराब झाली. कॅसेट वाजत असताना हा स्क्रू पाव-पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून बघा. झांज, टाळ किंवा 'स'चा उच्चार सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. घरी भरलेल्या कॅसेटींमध्ये एवढ्याने इतका फरक पडतो की मिटला वाटलेला आवाज परत येतो. हा सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा पाव फेरा आहे, तो कुणी सांगत नाही.

संगणकावर घेताना टेपच्या हेडफोनच्या भोकातून थेट लॅपटॉपच्या भोकात वायर घालू नका. लॅपटॉपचं ते भोक बहुतेक वेळा माईकचं असतं : एकाच वाहिनीचं आणि फार संवेदनशील. यूएसबीला जोडायची, 'लाइन इन' असलेली छोटी डबी घ्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ ठेवा. साध्या कॅसेटचा आवाका, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, पन्नास-पंचावन्न डेसिबलचा, १६ बिटचा ९६ चा, तेव्हा २४ बिटचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलवर राहील असा स्तर ठेवा. लाल रेषेला लागलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. एका तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. १४० कॅसेटी ६० मिनिटांच्या धरल्या तर ९० जीबीच्या आत काम होतं, आणि आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅक या स्वरूपात ठेवल्या तर साधारण निम्म्यात. तेवढा पेनड्राइव्ह आणि एक वेगळी हार्ड डिस्क, असे दोन संच करा. एक तुमच्याकडे, दुसरा नातेवाइकाच्या घरी.

मूळ प्रतीवर खरखर काढण्याचं फिल्टर लावू नका. खरखरीसोबत तंबोऱ्याची आस आणि खोलीतला वारा जातो. बाजू अखंड घ्या, मधली शांतता, निवेदकाचं वाक्य, बटण दाबल्याचा 'खट्' आवाज, सगळ्यासकट. गाणी वेगळी करायची ती नक्कल करून.

वेगाचं काय, असं विचाराल. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये विजेचा गुंजारव बहुधा सापडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची. ऑडॅसिटीत गाणं नसलेल्या शांत जागेचा, कुठल्या हर्ट्‌झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख काढा. गुंजारव ५२ वर दिसला तर फीत ४ टक्के जलद वाजते आहे. 'वेग बदला' हा पर्याय घेऊन तेवढं कमी करा. फक्त स्वर बदलणारा पर्याय नको, तो लय तशीच ठेवतो. मात्र आलेखात एखादी रेघ नेमकी ५० वर असेल तर ती आज वाजवणाऱ्या यंत्राची आहे, तिच्यावरून हिशोब करू नका. आणि तुमच्या कानातला जुना स्वर हवा असेल तर दुरुस्त न केलेली प्रतही ठेवा. दोन्ही खऱ्या आहेत.

काळ्या जड तबकड्यांबद्दल एक इशारा. त्या ७८ च्या असतील तर लाखेच्या आहेत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हेड पुसायची बाटली त्यांच्या जवळही आणू नका. थंड डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, मधला कागद कोरडा, मग उभं ठेवून सुकवणं. त्यांना लाँग प्लेची, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डींची सुई चालत नाही. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते, लाँग प्लेला १८ च्या आसपासची. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. सीड्यांना वेळ लावू नका. घरी भरलेल्या सीडीचा रंगद्रव्याचा थर उन्हाने फिका पडतो, म्हणून त्या याच आठवड्यात कॉपी करून घ्या. त्यांवरची यादी उघडल्यावर निरर्थक अक्षरं दिसली तर घाबरू नका : ती श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये रूपांतर केलं की वाचता येते.

हे यंत्राचं झालं. आता वही.

तुमची वही 'छान गाणं' यावर अडते, कारण तुम्ही गाण्याचं परीक्षण लिहायला बसता. तसं करू नका. गाणं चांगलं की वाईट, हे तुम्हाला ठरवायचंच नाही. पानाचे तीन भाग करा : काय ऐकू आलं, काय आठवलं, काय तपासलं. हे तीन एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

आधी एक अख्खी बाजू, क्रम न मोडता ऐका. कॅसेटवरच्या क्रमाला फार महत्त्व आहे. एक गाणं संपताच पुढच्याची पहिली सुरावट डोक्यात आपोआप सुरू होते, ती त्या कॅसेटमुळे. वडिलांनी स्वतः गाणी निवडून भरली असतील तर तो क्रम म्हणजे त्यांची निवड आहे. अभंगानंतर लगेच कव्वाली का, याचा विचार वहीत यायला हवा. पहिल्या ऐकण्यात काही लिहू नका. दुसऱ्यांदा वेळेसकट लिहा : '१ मिनिट २० सेकंदांवर क्लॅरिनेट', '२.०५ ला श्वास ऐकू येतो', 'दुसऱ्या कडव्यात ठेका बदलला'. ज्या जागी तुम्ही कान टवकारता ती जागा नोंदवली की दोन ओळींची अडचण उरत नाही.

आठवणीच्या भागात भावना लिहायची घाई करू नका, वस्तू लिहा. टेप कुठल्या कोनाड्यात होता? वडील पाळीवरून आल्यावर लावायचे की सुट्टीच्या सकाळी? बाहेर मागांचा खडखडाट असताना गाण्यातला कुठला भाग ऐकूच यायचा नाही? कुठला शब्द तुम्ही तेव्हा चुकीचा ऐकला होता? तो चुकीचा शब्द तसाच लिहा, दुरुस्त करू नका. कुठलं गाणं लागलं की कोण खोलीतून उठून जायचं? वाजणाऱ्या गाण्याबरोबर घरात कोण कोण होतं, हे लिहिलंत की पान भरतं. एका गाण्याला शंभर-दीडशे शब्द पुरे. खाली आजची तारीख घाला.

एखाद्या गाण्यात काहीच आठवलं नाही, तर तेही लिहा आणि महिन्याने परत ऐका. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलेलं आहे. त्यामुळे त्या वयातली गाणी आधी उसळी मारणार. वडिलांच्या तरुणपणीची गाणी तुम्हाला गप्प ठेवतील, कारण ती त्यांच्या दहा ते तीसमधली आहेत. तिथे आठवण शोधू नका. ती त्यांनी का जपली असतील, हे त्यांच्या ओळखीच्यांना विचारा.

तपासण्याचा भाग शेवटी, नेट उघडायचं ते तेव्हाच. आधी वाचलंत तर दुसऱ्याची आठवण तुमच्या वहीत घुसते. गायक, गीतकार, संगीतकार हे तिघेही वेगवेगळ्या रकान्यात लिहा. फाइलच्या माहितीतही हे रकाने वेगळे असतात, पण बाजारातल्या एमपीथ्रींमध्ये तिघांची खिचडी झालेली असते. वर्षं लिहिताना सांभाळा. कॅसेट कंपनीने छापलेलं वर्ष गाण्याचं नसतं. कॅसेट हा प्रकारच १९६३ मध्ये बाजारात आला, त्याआधीचं कुठलंही गाणं कॅसेटवर पुनर्मुद्रणच. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे, पेशवाईच्या अखेरच्या काळातले. त्यांच्यावरचा चित्रपट १९४७ चा. त्यांची लावणी तुमच्या एखाद्या कॅसेटवर असेल, तर रचनेचा काळ, चित्रपटाचं वर्ष आणि कॅसेटचं वर्ष, तिन्ही लिहायला हवीत. तुमची आठवण १९८४ ची आणि चित्रपट १९८७ चा निघाला, तर आठवण खोडू नका. दोन गाणी एकत्र झाली असतील, किंवा घर वेगळं असेल. दोन्ही वर्षं शेजारी ठेवा.

स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करायला हरकत नाही, पण कंपनीची गाणी नेटवर चढवू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, शब्द आणि चालीचा त्याहून लांब, त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आणि आता ज्याला थांबायला वेळ नाही ते. तेलुगू गाणी आईची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. फीत अजून दोन वर्षं टिकेल. आईंना विचारायचं काम या रविवारी करा. डेक दुरुस्त होण्याची वाट बघू नका. इथे मुलाचा फोन उपयोगाचा आहे : मिळतील ती तेलुगू गाणी त्यावर लावा, दुसऱ्या फोनवर आईंचं बोलणं मुद्रित करा. तो फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जाड चादरीच्या घडीवर ठेवा, म्हणजे टेबलाचा ठोका येत नाही. पंखा बंद करा. एका बैठकीत चारच गाणी. 'हे गाणं आवडायचं का' असं विचारू नका, 'हे कोण म्हणायचं', 'हे कुठल्या कामाच्या वेळी' असं विचारा. त्या मध्येच गाऊ लागल्या तर लगेच गाणं थांबवा आणि त्यांना गाऊ द्या.

तेलुगू बोलता येतं पण लिपी वाचता येत नाही, अशी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत. शब्द देवनागरीत उतरवून घेताना ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' साठी ऎ आणि ऒ ही अक्षरं वापरा. युनिकोडच्या देवनागरीत ती आहेत. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने शब्द बदलतो, आणि साध्या 'ए'ने लिहिलं तर तुमच्या नातवंडांना तो शब्द परत उच्चारता येणार नाही. फाइलला नाव देताना आधी कॅसेटचा तीन आकडी क्रमांक, मग बाजू, मग भाषा, मग पहिली ओळ : ००७-अ-तेलुगू आणि पुढे ती ओळ, असं. हे काम मुलाकडे द्या. नाव टाकण्यासाठी त्याला प्रत्येक गाणं निदान पहिल्या ओळीपर्यंत ऐकावं लागेल.